काचेच्या अलीकडे

एखाद्या माणसासाठी करण्यासारखे आपल्या हाती काहीच उरले नाही, तर त्याच्याविषयीचे आपले कर्तव्य संपते काय? नीतिविचारात कर्तव्याची सांगड बहुधा कृतीशी घातलेली असते. जे करणे शक्यच नाही ते करण्याची जबाबदारी कोणावर टाकता येत नाही, हे तत्त्व तर्काला पटणारे आहे. पण हे तत्त्व बरोबर घेऊन नवजात अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेरील बाकावर बसून पाहावे. तेथे बसलेल्या कोणालाही ते पटत नाही. करण्यासारखे काही नसताना ती माणसे घरी जात नाहीत. आणि गेलीच तर अपराध केल्यासारखी जातात. ही भावना म्हणजे केवळ मनाचा दुबळेपणा आहे, की तिच्यामागे तर्काच्या नजरेतून निसटलेले एखादे खरे कर्तव्य आहे?

हा प्रश्न आम्हांला ग्रंथांतून मिळालेला नाही. २००४ च्या ऑगस्टमध्ये हैदराबादेतील एका खासगी रुग्णालयात आमची मुलगी जन्मली. तिला यायला अजून अकरा आठवडे अवकाश होता. वजन १,१४० ग्रॅम. ती घरी आली ती चौसष्टाव्या दिवशी. या लेखात 'आम्ही' म्हणजे आम्ही दोघे, तिचे आईवडील. हे संपादकीय बहुवचन नव्हे. मात्र त्या चौसष्ट दिवसांत हे 'आम्ही' नेहमीच एकसंध होते असे नाही, हेही आरंभीच सांगितलेले बरे.

सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या मुलाला वैद्यकशास्त्र अकालप्रसूत म्हणते. २०२० साली जगभरात अशी सुमारे एक कोटी चौतीस लक्ष मुले जन्मली आणि त्यांतील तीस लक्षांच्या आसपास एकट्या भारतात. म्हणजे आमच्या वाट्याला जे आले ते अपूर्व नव्हते. पण बाकावर बसलेल्या माणसाला अशा आकड्यांचा आधार होत नाही. त्याचे सगळे लक्ष एकाच पेटीकडे असते, आणि त्या पेटीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर बाळाचे नावही नसते. 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचे नाव. वडिलांचा उल्लेख तेथे नव्हता. जन्मभर कागदोपत्री बापाचे नाव लावणाऱ्या आपल्या समाजात ही एक जागा अशी आहे, हे लक्षात आले तेव्हा आम्हांला त्याही अवस्थेत थोडे हसू आले होते.

पहिल्या दोन आठवड्यांत आम्हांला दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटे आत सोडत. हात कोपरापर्यंत धुवायचे, झगा चढवायचा, पेटीजवळ उभे राहायचे, स्पर्श करायचा नाही. या पाच मिनिटांत आम्ही काय पाहत होतो, हे नंतर आठवू लागलो तेव्हा आमचीच आम्हांला लाज वाटली. आम्ही बाळाकडे पाहत नव्हतो. पेटीच्या वर ठेवलेल्या यंत्रावरील प्राणवायूच्या आकड्याकडे पाहत होतो. ९४ म्हणजे सुख, ८८ म्हणजे धास्ती, आणि घंटी वाजली की श्वास बाळाचा नव्हे, आमचा थांबे. केरळकडच्या एक वयस्क सिस्टर होत्या. त्यांनी एके दिवशी काही न बोलता ते यंत्र भिंतीकडे वळवले आणि आमच्याकडे पाहून मान हलवली. त्या दिवशी आम्ही प्रथमच पाहिले की मुलीच्या उजव्या कानाची पाळी अजून पुरती उमललेली नाही, कापडासारखी दुमडलेली आहे. आणि निळ्या दिव्याखाली डोळ्यांवर पट्टी बांधलेली असतानाही ती मूठ उघडते, मिटते.

पाहणे ही कृती आहे की नाही, असा वाद कोणी घालू शकेल. आमचे मत असे की ती कृती आहे, आणि काही वेळा इतर सर्व कृतींची ती पूर्वअट असते. वैद्यकाच्या इतिहासातच याचा एक अस्वस्थ करणारा पुरावा आहे. १९८० च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य देशांतील पुष्कळशा रुग्णालयांत अकालप्रसूत मुलांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया केल्या जात. भूल त्यांना झेपणार नाही, ही भीती होती. आणि इतक्या लहान जीवाला वेदना कळतच नाही, अशीही समजूत होती. के. जे. एस. आनंद आणि हिकी यांनी १९८७ मध्ये नवजात बालकांच्या वेदनेवर जो लेख प्रसिद्ध केला, त्यानंतर ही समजूत टिकू शकली नाही. तोवर जी माणसे ती शस्त्रक्रिया करीत होती ती क्रूर नव्हती, शिकलेली होती. बाळ ताठरते, त्याचे हृदय धावते, हे सारे त्यांच्या समोरच घडत होते. दिसत होते, पण पाहिले जात नव्हते.

पालकांना काचेबाहेर उभे करण्याची रीत मात्र कोणा दुष्टाने पाडलेली नाही. पॅरिसमधील प्रसूतितज्ज्ञ तार्निए यांनी १८८० च्या सुमारास कोंबडीची अंडी उबवण्याच्या यंत्रावरून माणसाच्या बाळासाठी उबपेटी करवून घेतली. त्यांचे शिष्य ब्युदाँ यांच्या ध्यानात आले की पेटीत ठेवलेली मुले जगू लागली. पण आईपासून दूर राहिलेल्या काही मुलांविषयी आयांची ओढच कमी होत जाते. म्हणून आईने तेथे यावे, पाजावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या शिकवणीतला पेटीचा भाग जगाने उचलला, आईचा भाग मागे राहिला. पुढे अमेरिकेत मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थाने न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड या जत्रेच्या ठिकाणी १९०३ पासून १९४३ पर्यंत दर उन्हाळ्यात अशी मुले पेट्यांसह प्रदर्शनात मांडली. बघ्यांकडून पंचवीस सेंट घ्यायचे आणि त्या पैशांवर मुलांचा सांभाळ करायचा. आईवडिलांकडून एक पैसाही घ्यायचा नाही. आज हे वाचताना अंगावर काटा येतो. पण त्या काळी कित्येक रुग्णालये ज्या मुलांवरची आशा सोडून देत, त्यांतली शेकडो त्या जत्रेत वाचली, हेही खरे आहे. नीतीचा निवाडा अशा ठिकाणी सरळ उभा राहत नाही. तिकीट काढून आत गेलेला परका मनुष्य बाळाला हवे तेवढा वेळ पाहू शकत होता, आणि शंभर वर्षांनंतर आम्हांला पाच मिनिटे होती, एवढे मात्र मनात आल्यावाचून राहिले नाही.

जंतुसंसर्गाचे भय खोटे नव्हे. त्या भयापोटीच विसाव्या शतकात दारे बंद झाली. ती उघडली ती गरिबीने. कोलंबियाची राजधानी बोगोता येथे १९७८ मध्ये पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, एकेका पेटीत दोन-दोन मुले ठेवावी लागू लागली, तेव्हा डॉ. रेय आणि डॉ. मार्तिनेस यांनी मुले आयांच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला आरंभ केला. कांगारूची उपमा तेथूनच रूढ झाली. नाइलाजाने काढलेली ही वाट पुढे श्रीमंतांच्या वाटेपेक्षा सरस ठरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारत आणि आफ्रिकेतील चार देश येथील पाच रुग्णालयांत जो अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. जन्मल्यापासूनच आईच्या अंगाशी ठेवलेल्या कमी वजनाच्या मुलांत अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू १२ टक्के होते; प्रकृती स्थिर होईपर्यंत वेगळी ठेवून मग आईकडे दिलेल्या मुलांत १५.७ टक्के. भारतातले केंद्र दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते.

आपल्या महाराष्ट्रातही या विचाराची मुळे आहेत. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी काढली. आशियातली ती पहिली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तर काच, पेटी, रुग्णालय यांपैकी काहीच नसलेल्या एकोणचाळीस गावांत गावच्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची व्यवस्था उभी केली. नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आल्याचे त्यांनी १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडले. तंत्र मोठे की माणूस मोठा, असल्या ठरीव वादात आम्हांला शिरायचे नाही. आमची मुलगी श्वसनयंत्रावाचून आणि फुफ्फुसांत सोडलेल्या त्या महागड्या औषधावाचून पहिली रात्रही काढू शकली नसती. चौथ्या आठवड्यात तिचे डोळे तपासले गेले, तेही हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून या जुळ्या शहरांतील रुग्णालयांत अशा मुलांचे डोळे तपासण्याचा परिपाठ घातला होता म्हणून. काच हवीच. प्रश्न आहे तो काचेच्या अलीकडे उभ्या असलेल्यांचा.

तेथे आणखीही लोक उभे असतात. हैदराबादचे रुग्णालय म्हणजे अर्धा मराठवाडा, बिदर आणि आदिलाबाद. संस्थान जाऊन इतकी वर्षे झाली, भाषावार प्रांतरचना होऊन पन्नास वर्षे होत आली होती; पण दुखणे हाताबाहेर गेले की नांदेड-देगलूरकडची माणसे अजून भाग्यनगरीचीच गाडी धरतात. आमच्या शेजारी असेच एक जोडपे होते. विशी-बाविशीची मुले. त्यांचे बाळ आमच्या बाळापेक्षा दोनशे ग्रॅमने अधिक होते आणि डॉक्टर आशेने बोलत होते. नवव्या दिवशी मुलीच्या वडिलांनी आणलेले पैसे संपले. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नेत आहोत, अशा कागदावर त्या पोराने सही केली. निलोफरला नेतो, असे तो म्हणाला. नेले की नाही, ते आम्हांला कधीच कळले नाही.

त्या दिवशी आमच्या पिशवीत दुसऱ्या दिवशी भरायची रक्कम होती. ती देता आली असती. आपल्या मुलाचा हक्क आधी, हे नीतिशास्त्र मान्य करते. परक्याच्या मुलासाठी स्वतःच्या मुलाचा औषधोपचार थांबवावा असे कोणी म्हणणार नाही. पण आम्हांला त्या दिवशी तसे ठरवावेच लागले नाही, कारण तो विचार आमच्या मनात संध्याकाळी आला. सकाळी ते दोघे जिना उतरत असताना मनात आला तो एवढाच, की आमच्याकडे पैसे आहेत, बरे झाले. दोन्ही विचारांतले अंतर आठ-नऊ तासांचे होते. तेवढ्यात ते जोडपे निघून गेले होते. आंध्रात आरोग्यश्री योजना आली २००७ मध्ये; आजारी नवजात बालकाला सरकारी रुग्णालयात पहिले तीस दिवस मोफत उपचार देण्याचा केंद्राचा कार्यक्रम २०११ मध्ये. आमच्या बाकावरच्या मंडळींना या दोन्हींचा उपयोग नव्हता.

निलोफरचा उल्लेख आलाच आहे तर सांगायला हवे. रेड हिल्समधले हे सरकारी रुग्णालय १९५३ मध्ये सुरू झाले. निजामाची धाकटी सून, तुर्की राजघराण्यातली राजकन्या निलोफर, हिची रफत नावाची दासी बाळंतपणात गेली. पुन्हा कोणावर ही वेळ येऊ नये म्हणून राजकन्येने बायामुलांसाठी रुग्णालयाचा ध्यास घेतला, असे सांगितले जाते. तिला स्वतःला मूल झाले नाही. रुग्णालयाला तिचे नाव राहिले आणि ती पुढे फ्रान्समध्ये राहून १९८९ मध्ये निवर्तली. एका दासीच्या मरणाचे आपण काही देणे लागतो, असे एखाद्या राजस्त्रीला वाटणे हे कर्तव्याच्या कोणत्या व्याख्येत बसवायचे, हे आम्हांला ठाऊक नाही. रफतसाठी तर आता काहीच करता येण्यासारखे नव्हते.

आता अपराधाविषयी. आमच्यापैकी जी आई होती तिला पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न छळत होता, की माझे काय चुकले. नातेवाइकांनी त्यात भर घातली. सातव्या महिन्यात बिदरला जायला नको होते. पपई खाल्ली असेल. ग्रहणात बाहेर निघाली असेल. वास्तविक अशा पुष्कळ प्रसूतींचे निश्चित कारण डॉक्टरांनाही सापडत नाही. जंतुसंसर्ग, रक्तदाब, जुळे, गर्भाशयमुखाची दुर्बलता ही काही ज्ञात कारणे, बाकीच्यांपुढे प्रश्नचिन्ह. हे तिला दहा वेळा सांगून झाले. तिने ते ऐकले आणि अकराव्या वेळी पुन्हा विचारले. त्या वेळी आमच्यापैकी जो बाप होता तो चिडला. हे चिडणे आज अन्यायाचे वाटते. आपण अपराधी आहोत असे मानण्यात एक सांत्वन दडलेले असते, हे त्याला तेव्हा उमगले नव्हते. माझ्या चुकीने हे झाले असेल, तर निदान हे माझ्या हातात होते. काहीच हातात नव्हते, यापेक्षा ते सुसह्य. तिचा अपराधभाव हा एका परीने पालकत्वाचा दावा होता; या घटनेत माझाही काही वाटा आहे, असे ती म्हणत होती. त्यावर तर्काने केलेला उपाय चालला नाही यात नवल नाही.

बापाचीही पळवाट होती, आणि ती तेवढी निरुपद्रवी नव्हती. पहिल्याच आठवड्यात मेंदूच्या सोनोग्राफीत थोडा रक्तस्राव दिसला. डॉक्टरांनी आम्हांला बसवून घेतले आणि शांतपणे सांगितले, की तो वाढला तर पुढे काय काय होऊ शकेल. नंतर विचारले, तुमचे म्हणणे काय? बाप म्हणाला, "सगळे करा, पैशाचे बघू." हे उत्तर ऐकणाऱ्याला शूर वाटते. पण 'सगळे' म्हणजे काय, हे आम्ही विचारले नाही. त्या 'सगळ्या'त मुलीला किती टोचण्या, किती नळ्या, किती वेदना येतील, आणि त्या कशासाठी, याचा हिशेब आम्ही त्या एका शब्दाबरोबर डॉक्टरांच्या झोळीत टाकून मोकळे झालो. ज्याला आम्ही निर्णय म्हणत होतो ते निर्णय टाळणे होते. सुदैवाने रक्तस्राव वाढला नाही, आणि आमचे उत्तर कसोटीला लागले नाही. ते लागले असते तर आम्ही काय केले असते? ज्यांच्यावर ती वेळ आली आणि ज्यांनी 'आता पुरे' असे म्हटले, त्यांच्याविषयी आम्ही तेव्हापासून एक शब्दही बोलत नाही. थांबणे म्हणजे सोडून देणे नव्हे, इतके मात्र कळले.

सर्वांत मोठी चूक नावाची झाली.

आपल्याकडे पाचव्या दिवशी पाचवी पुजतात, सहाव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लेख लिहिते असे मानतात, बाराव्या दिवशी बारसे. आमच्या मुलीची सहावी रात्र निळ्या दिव्याखाली गेली. कपाळावर चिकटपट्टी होती, लिहायला जागा नव्हती. बारावा दिवस आला तेव्हा आम्ही दोघांनी ठरवले, की नाव घरी आल्यावर ठेवू. याला आम्ही व्यवहारीपणा म्हटले. खरे कारण आम्हां दोघांनाही माहीत होते आणि ते कोणी उच्चारले नाही. नाव ठेवले म्हणजे ती कोणीतरी होईल, आणि मग गेली तर कोणीतरी गेलेले असेल. आमच्या पूर्वजांनीही असे उपाय केले होतेच. मुले जगत नसलेल्या घरात पुढच्या पोराला धोंडू, दगडू, भिकू म्हणायचे, म्हणजे मृत्यूला ते नेण्याजोगे वाटणार नाही. पण त्यांत आणि आमच्यात एक भेद होता. ते मृत्यूला फसवीत होते आणि पोराला हाक मारीत होते. आम्ही स्वतःला जपत होतो, आणि पेटीजवळ उभे राहून बाळाला कोणत्या नावाने हाक मारायची हे आम्हांला सुचत नव्हते.

तिसाव्या दिवसाच्या सुमारास आजी परभणीहून आली. तिला आत सोडले नाही. बाहेर येऊन आम्ही वजनाचा आकडा सांगितला तशी तिने विचारले, "तुम्ही आत जाऊन काय म्हणता तिला?" आम्ही गप्प राहिलो. त्याच आठवड्यात आम्हांला कळले, की रात्रपाळीची तेलुगू आया तिला कधीपासून 'चिट्टी' म्हणत होती. चिट्टी म्हणजे चिमुकली. कपडे बदलताना, नळीतून दूध घालताना ती तिच्याशी याच नावाने बोलत असे, आणि सिस्टरांच्याही तोंडी तेच बसले होते. आम्ही ज्या नात्याला मुदत मागून घेतली होती ते नाते दुसऱ्याच कोणी, पगारावर काम करणाऱ्या एका बाईने, आमची वाट न पाहता जोडून टाकले होते. आम्हांला आनंद झाला असे लिहिणे खोटे होईल. पहिल्यांदा वाटली ती असूया.

अशीच असूया आणखी एकदा वाटली. पलीकडच्या पेटीत एक मुलगा होता, तेहतीस आठवड्यांचा. त्याची आई मेहदीपट्टणमची. दक्खिनी बोलणारी ही बाई बाकावर बसलेल्या सगळ्यांशी बोले. 'नक्को' हा मराठीने दक्खिनीला दिलेला शब्द तिच्या तोंडून दिवसातून शंभर वेळा ऐकू येई, आणि परक्या मुलखात घरचे माणूस भेटल्यासारखे वाटे. आमच्याकडे दूध येत नव्हते. चिंता, उपास, पाच मिनिटांचा दुरून सहवास. पंपाने अर्ध्या तासात तळाशी चार थेंब जमत. एकदा तिने आईजवळ येऊन विचारले, "मेरेकू बहोत उतरता दूध. फेंकना अच्छा नईं लगता. तुमारी बच्ची को देऊँ क्या?" आणि आम्ही काही बोलण्याच्या आत पुढे म्हणाली, "पन फिर ये दोनों भाई-बहन हो जाते, मालूम ना?"

आम्हांला तेव्हा हे गोड बोलणे वाटले. ते तसे नव्हते. इस्लामी धर्मशास्त्रात दुधाचे नाते हे रक्ताच्या नात्यासारखेच बंधन आहे. एका स्त्रीचे दूध प्यालेल्या मुलामुलींचा आपसांत विवाह निषिद्ध. दूध किती प्यायले म्हणजे नाते जडते यावर मतभेद आहेत, पण हनफी मताप्रमाणे थोडेही पुरते. म्हणजे ती आम्हांला उपकार सांगत नव्हती, एका विधीची कायदेशीर बाजू समजावून देत होती. आपल्याकडेही दूधभाऊ हा शब्द आहेच. संभाजीराजांना पाजणाऱ्या कापूरहोळच्या धाराऊचे मुलगे राजांचे दूधभाऊ म्हणूनच इतिहासात ओळखले जातात. पण आमच्यासाठी तो बखरीतला शब्द होता. तिच्यासाठी उद्यापासून पाळायचा नियम.

डॉक्टरांनी तिच्या रक्ततपासण्यांचे कागद पाहून होकार दिला. आज कोणी असे करू नये. आता दूध पेढीत जाते, तपासले जाते, तापवून निर्जंतुक केले जाते, आणि तेच योग्य आहे. निलोफरमध्येही पुढे अशी पेढी निघाली. आमच्या मुलीला मात्र ते बारा दिवस नळीतून, आणि नंतर बोंडल्याने, मिळाले. होय, बोंडल्यानेच. इतक्या यंत्रांच्या मध्ये पणजीच्या काळचे ते निमुळत्या तोंडाचे भांडे, तेवढे स्टीलचे, पाहून आजीला पहिल्यांदा त्या विभागाविषयी विश्वास वाटला. एकोणिसाव्या दिवशी त्या बाईचा मुलगा घरी गेला. आम्ही पेढे घेतले, मुबारक म्हटले, आणि त्या रात्री आम्हां दोघांना जेवण गेले नाही. ज्या बाईचे दूध आपली मुलगी पीत होती तिच्या सुखाने आपल्याला दुखावे, याहून कोते मन कोणते? पण तसे झाले खरे. त्यानंतरही ती काही दिवस बाटली घेऊन येत राहिली.

सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळून आम्ही एवढेच म्हणू शकतो, की तो प्रश्न आम्ही चुकीच्या ठिकाणी उभा केला होता. करण्यासारखे काही नाही, असे आम्ही ज्याला म्हणत होतो, तेथे करणारे पुष्कळ होते: यंत्र वळवणारी, हाक मारणारी, दूध देणारी. त्यांतले प्रत्येक काम आमचे होते, आणि आमच्या हातून सुटलेले होते. केंद्र सरकारने २०१७ मध्ये आजारी नवजातांच्या काळजीत कुटुंबाला सामावून घेण्याच्या ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत आईवडिलांना हात धुण्यापासून पाजण्यापर्यंत शिकवून आत घ्यावे असे म्हटले आहे. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून अशा मुलांच्या पालकांना बारा आठवड्यांपर्यंत वेगळी रजा मिळते. आमच्यापैकी बापाची रजा सहाव्या दिवशी संपली होती आणि आईची बाळंतपणाची रजा मूल घरी येईपर्यंत निम्म्याहून अधिक सरली होती. कायद्याच्या दृष्टीने ती इतके दिवस बाळाला सांभाळत होती.

पस्तिसाव्या दिवशी पहिल्यांदा मुलीला छातीशी बांधून दिले. वजन १,३६० ग्रॅम. त्या दिवशी तिला नाव ठेवले. घुगऱ्या नाहीत, पाळणा नाही, केरळच्या सिस्टर आणि ती तेलुगू आया एवढ्याच साक्षीला. चिठ्ठीवर ते शेवटपर्यंत चढले नाही. आयाने नवे नाव दोनदा घोळवून पाहिले आणि पुन्हा 'चिट्टी'च म्हणाली.

मुलगी आता एकवीस वर्षांची आहे. मेहदीपट्टणमहून वर्षातून दोन-तीनदा फोन येतो. मुलाची, त्याच्या नोकरीची हकिकत झाल्यावर ती बाई विचारते, "और हमारी बच्ची कैसी है?" पहिली काही वर्षे आम्ही या प्रश्नाचे उत्तर स्वतः देत असू. आता फोन मुलीकडे देतो.